पासिंगपुरती दुरुस्ती

महोदय,

आठ वर्षांहून जुन्या व्यावसायिक वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी नूतनीकृत करावे लागते. मात्र ठाण्यातील काही गॅरेजांत पासिंगच्या (या प्रमाणपत्रासाठीच्या तपासणीच्या) दिवसापुरतीच गाडी ठाकठीक केली जाते. माझ्या टेम्पोचे मागचे ब्रेक लायनर (ब्रेकमधील घासणारे अस्तर) रिव्हेटपर्यंत, म्हणजे जवळजवळ पूर्ण, झिजल्याचे मेकॅनिकने स्वतः दाखवले, तरी ‘आत्ता ॲडजस्ट करून देतो, पास झाल्यावर बघू’ हाच त्याचा सल्ला होता. गुळगुळीत टायरांच्या जागी दिवसभरापुरते भाड्याचे टायर बसवण्याचीही तयारी होती! मालकांनाही (आम्ही काही धुतल्या तांदळासारखे नाही) हे स्वस्तात पडते. पण हीच वाहने माल भरून घोडबंदर रस्त्यावरचा गायमुख घाट उतरतात. गॅरेजने आढळलेले दोष लेखी देणे आणि तो कागद निरीक्षकांपुढे ठेवणे परिवहन विभागाने बंधनकारक करावे.

– एक टेम्पोमालक, ठाणे