दादांच्या उंचीवर बसून ऐकणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव या पत्रात लिहीत नाही. कुणाच्या घरात बसून ऐकलेलं बाहेर सांगताना नावं गाळायची, हे तुम्हीच आम्हाला सांगितलं होतं. तोच नियम तुम्हालाही लावते. पत्र मात्र उघड लिहायचं ठरवलं. दादा गेले त्याला अजून वर्ष व्हायचंय. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी त्यांनी काढलेला नकाशा दाखवते, आणि दर वेळी तुमची आठवण निघते. तुमचे आमच्या घरावर केवढे उपकार आहेत, ते चार लोकांना कळायला हवं.

वाचणाऱ्यांना आधी थोडं सांगते. मी कोल्हापूरची, मराठा घरातली. लग्न होऊन गांधीनगरला सिंधी घरात आले. दादा म्हणजे माझे सासरे. कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांना गांधीनगर ठाऊक आहे ते कापडासाठी. लग्नाचा बस्ता बांधायचा तर गांधीनगरलाच, हे ठरलेलं. पण हे गाव वसलं ते निर्वासितांच्या छावणीवर, आणि तीसुद्धा एकदा नाही, दोनदा.

पहिले आले पोलंडचे लोक. १९४० पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधली घरंच्या घरं उचलून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली होती. १९४२ मध्ये त्यांतली हजारो माणसं कास्पियन समुद्र ओलांडून इराणला पोचली, आणि तिथून काही जण हिंदुस्थानात आले. जामनगरजवळ बालाचडीला नवानगरच्या जामसाहेबांनी पोलिश मुलांना आसरा दिला. कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला, म्हणजे आजच्या आमच्या गांधीनगरच्या जागी, १९४३ मध्ये मोठी छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसं होती तिथे, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा होती, चर्च होतं, दवाखाना होता. १९४८ पर्यंत ते लोक निघून गेले आणि त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं राहायला आली. आमचे दादा त्यांतलेच, सात वर्षांचे.

पोलिश लोकांच्या आठवणींचा मान कोल्हापूरने राखला याचा मला अभिमान आहे. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे, आणि तिकडे वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान तिथे गेले तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांनी टीव्ही लावून ते बघितलं. पण या सगळ्या वर्षांत आमच्या दारात जी माणसं आली, त्यांचं काय सांगू? कॅमेरे घेऊन आली, वह्या घेऊन आली, मोठ्या संस्थेचं ओळखपत्र गळ्यात घालून आली. दादांनी सगळ्यांना पाणी आणि पापड दिला, आमच्याकडे पाहुण्याला तसंच देतात. आणि सगळ्यांनी त्यांना एकच विचारलं : पोलिश लोकांच्या बराकी नेमक्या कुठे होत्या? दादा बोट करून दाखवायचे. मग हळूच म्हणायचे, "आम्हीपण त्याच बराकींत राहिलो." त्यावर एक गृहस्थ म्हणाले, "ते असू दे हो आजोबा, त्याच्या आधीचं सांगा." आधीचं दादांना कसं ठाऊक असणार? दुसऱ्या एका मोठ्या संशोधकांनी त्यांना तारीख विचारली, बोटीचं नाव विचारलं, बरोबर किती माणसं होती ते विचारलं. दादांना एकही उत्तर देता येईना. ते वही मिटून म्हणाले, "यांना काही आठवत नाही." दादांच्या समोर म्हणाले. मी स्वयंपाकघरातून ऐकलं. दादा त्या दिवशी जेवले नाहीत. त्यानंतर कुणी आलं की ते आत जाऊन झोपायचे.

तुम्ही आलात तेव्हाही ते आतच होते. तुम्ही त्यांना बोलावलं नाहीत, हे मला अजून आठवतं. माझ्याशी बोलत बसलात, काम सांगितलंत. तुम्ही मानवी भूगोलाच्या अभ्यासक, सीमेवर आणि छावण्यांत वाढणाऱ्या मुलांचा अभ्यास करता, हे ऐकून मला नवल वाटलं होतं. भूगोल म्हणजे नद्या, पिकं आणि पाऊस एवढंच मला शाळेपासून माहीत. दादा कधी बाहेर येऊन खुर्चीवर बसले ते मला कळलंही नाही.

मग तुम्ही त्यांना पहिला प्रश्न विचारलात. तारीख नाही, बोटीचं नाव नाही. तुम्ही विचारलंत, "दादा, तेव्हा तुमची उंची कुठवर होती?"

दादा दोन क्षण बघत राहिले. मग उठले, भिंतीशी ठेवलेल्या सासूबाईंच्या शिलाई मशीनपाशी गेले आणि मशीनच्या फळीच्या थोडं वर हात धरला. "एवढा." तुम्ही खुर्चीवरून उठलात आणि सरळ फरशीवर बसलात. मान इकडेतिकडे करून तुमचे डोळे त्यांच्या हाताच्या रेषेत आणलेत. साडी चुरगळली, गुडघा दुखत असावा, कारण तुम्ही एकदा पाय बदललात. आणि तिथून वर बघत म्हणालात, "आता सांगा. कराचीच्या बंदरावर इथून काय दिसत होतं?"

दादा म्हणाले, "पाय."

ताई, पंचवीसहून जास्त वर्षं मी त्या घरात आहे. मी त्यांना औषधं दिली, त्यांच्याशी भांडले, त्यांच्या पोटी जन्मलेल्या मुलीसारखी वागले. त्यांच्या तोंडून हे मी कधी ऐकलं नव्हतं. सासूबाईंनीही ऐकलं नव्हतं. पाय, लोखंडी ट्रंका, आईच्या सलवारीची कड, ती मुठीत धरून चाललेला मुलगा. धक्क्यावर झडती घेणाऱ्या माणसाचे बूट. त्या माणसाने आईचा शिवणाचा डबा उघडून उलटा केला. दागिने सापडतात का बघत असावा. डब्यातली बटणं खाली सांडली आणि सगळ्यांच्या पायांमधून घरंगळत गेली. मोठ्यांना ती दिसलीच नाहीत, दादांना दिसली, कारण ती त्यांच्या उंचीवर होती. ते वेचायला वाकले तर आईने दंडाला धरून ओढलं. "एक निळं होतं, माझ्या सदऱ्याचं," दादा म्हणाले. हे सांगताना ते रडले नाहीत. उलट भराभर बोलत होते, हाताने दाखवत होते, आणि तुम्ही खालीच बसून लिहीत होता.

ज्या माणसाला काही आठवत नाही असं ठरवून एक विद्वान उठून गेले होते, तो माणूस त्या दुपारी अंधार पडेपर्यंत बोलला.

नंतर तुम्ही कोरा कागद आणि पेन्सिल त्यांच्यापुढे ठेवलीत, "हैदराबादहून इथवरची वाट काढा" म्हणालात. आमचं हैदराबाद म्हणजे सिंधमधलं. दादांनी ते कागदाच्या उजव्या टोकाला काढलं. घरांची छपरं, आणि छपरांवर वारा धरून खाली खोलीत सोडणारे उंच झरोके. त्यांना मंघ म्हणायचे म्हणे. मग कराची, मग अर्धा कागद भरून समुद्र, आणि अगदी डावीकडे वळिवड्याची बराक. मुंबई नाहीच. माझा मुलगा मध्येच बोलला, "दादा, उलटं झालं. सिंध पश्चिमेला आहे, डावीकडे पाहिजे." तुम्ही त्याला हाताने थांबवलंत. दादा शाळेत पहिलं अक्षर शिकले ते सिंधीचं, अरबी लिपीतलं, उजवीकडून डावीकडे लिहायचं. त्यांचं लिहिणं जिथून सुरू व्हायचं तिथूनच त्यांची वाट सुरू झाली होती. नावंही त्यांनी त्याच लिपीत लिहिली. घरात दुसऱ्या कुणाला ती वाचता येत नाही. त्यांनी ती एकेक करून आम्हाला वाचून दाखवली, म्हणून मी मागे देवनागरीत लिहून ठेवली आहेत. तुम्ही कागदाचा फोटो काढायची परवानगी मागितलीत आणि मूळ कागद त्यांच्या हातात परत दिलात. आधी आलेल्यांपैकी एकाने आमच्या घरातला जुना फोटो "आठ दिवसांत पाठवतो" म्हणून नेला होता. तो परत आला नाही.

जेवताना तुम्ही तुमच्या कामाचं सांगितलंत, ते मी मुलाला पुन्हा पुन्हा सांगते. कुचबिहारकडच्या छिटमहालांचं सांगितलंत : बांगलादेशाच्या पोटात भारताचे १११ तुकडे आणि भारताच्या पोटात बांगलादेशाचे ५१, ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री त्यांची अदलाबदल झाली. तोवर तिथल्या मुलांना शेजारच्या गावातल्या शाळेत जायचं तर दुसऱ्याच कुणाला तरी कागदावर बाप म्हणून दाखवावं लागे. शाळेच्या दाखल्यावर आयुष्यभर परक्याचं नाव. दिनहाट्याच्या पत्र्याच्या छावणीत मुलांनी काढलेली चित्रं तुम्ही फोनवर दाखवलीत. बांगलादेशातल्या कुटुपालाँगच्या छावणीचं सांगितलंत, २०१७ च्या ऑगस्टनंतर म्यानमारमधून सात लाखांहून जास्त रोहिंग्या निघून आले, त्यांत अर्ध्याहून जास्त मुलं. जगात आज घरदार सोडावं लागलेल्यांत दर दहांत चार मुलं असतात, हे मला त्या दिवशी कळलं. पंजाब आणि बंगालच्या मधून रेघ मारली गेली, सिंधच्या मधून मात्र गेलीच नाही, अख्खा प्रांत तिकडे गेला. म्हणून सिंधी माणसाला इथे आपलं म्हणायला राज्य उरलं नाही, उल्हासनगरपासून गांधीनगरपर्यंत नुसत्या छावण्या मिळाल्या. दादा जेवता जेवता थांबून हे ऐकत होते. एवढं नीट त्यांना आजवर कुणी समजावलं नव्हतं.

मी तुम्हाला विचारलं होतं, ही सगळी दुःखं ऐकून तुम्हाला झोप कशी लागते. तुम्ही म्हणालात, मुलं फक्त दुःख सांगत नाहीत, ती नळ कुठे आहे, खेळायला सपाट जागा कुठे आहे, कुठला कुत्रा चावतो, तेही सांगतात. छावणीचा खरा नकाशा त्यांच्याकडेच असतो, मोठ्यांच्या कार्यालयात नसतो. दादांनी लगेच बराकीमागचा नळ आणि पंचगंगेवर जायची पायवाट कागदावर वाढवली.

आणि ती दारावरची अक्षरं. आपल्या बराकीच्या दारावर खालच्या बाजूला काहीतरी कोरलेलं होतं, ते इंग्रजी असावं, असं दादा आयुष्यभर समजत होते. आठवून आठवून त्यांनी दोन-तीन अक्षरं काढली, एकाला खाली शेपूट होतं. तुम्ही म्हणालात, हे पोलिश असणार, आणि इतक्या खाली कोरलंय म्हणजे मुलानेच. दादा खूप वेळ त्या अक्षरांकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या आधी तिथे माझ्याएवढाच कुणीतरी होता." पोलिश लोकांचं नाव काढलं की ते आत जाऊन झोपायचे, ते त्या दिवसानंतर थांबलं. पुढच्या रविवारी त्यांनी मुलाला गाडी काढायला लावली आणि महावीर उद्यानातल्या स्मारकाला फुलं वाहून आले. इतकी वर्षं कोल्हापुरात राहून पहिल्यांदा.

तुमच्यासारख्या माणसांबद्दल मी अलीकडे बराच विचार करते. शिकलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. कागद पुढे सरकवणारी, घड्याळ बघणारी, म्हाताऱ्या माणसाला उभं ठेवून स्वतः बसलेली. ती वाईट असतात असं नाही, पण समोरचा त्यांना माहितीचा ठोकळा वाटतो. आणि मग कधीतरी बँकेत एखादी मुलगी खिडकीमागून उठून बाहेर येते, आजीचा अंगठा स्वतःच्या रुमालाने पुसते. एखादा कंडक्टर पुढचा थांबा येईपर्यंत एसटी हळू घ्यायला सांगतो. यांना कुणी पुरस्कार देत नाही. माणसाला माणूस म्हणून वागवणं त्यांच्या अंगातच असतं, आणि त्यांच्यामुळेच आमच्यासारख्यांचं निभावतं. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, एवढं जग पाहिलेल्या, आणि फरशीवर बसलात. ते तुम्ही दाखवण्यासाठी केलं नव्हतं, हे बघणाऱ्याला कळतं.

शेवटच्या आजारपणात दादा गोष्टी सांगायचे त्या लहानपणच्याच, नातवाला जवळ बसवून. तुम्ही येऊन गेला नसता तर त्या गोष्टी त्यांच्याबरोबरच गेल्या असत्या, आणि आम्ही आयुष्यभर म्हणत राहिलो असतो की त्यांना काही आठवत नव्हतं. नातू आता बारावीला आहे. पुढे भूगोल घेणार म्हणतो. त्याचे वडील दुकानाचं काय म्हणून कुरकुरतात, मी मात्र त्याच्या बाजूने आहे.

नकाशाची नीट रंगीत प्रत काढून कुरिअरने पाठवली आहे, मागे देवनागरीत नावं लिहिलेली आहेत. तुमच्या विद्यार्थ्यांना दाखवायची असेल तर जरूर दाखवा, दादांची हरकत नव्हती, त्यांनी मला तसं सांगून ठेवलंय. आणि एक काम आहे. आमच्या गल्लीत अजून दोन आज्या आहेत, दोघी बोटीने आलेल्या. दादांचं ऐकून त्या आता बोलायला तयार झाल्यात. एकीला कमी ऐकू येतं, दुसरीची तब्येत तोळामासा आहे, तेव्हा दिवाळीपर्यंत थांबू नका. मुक्कामाला या. साई भाजी आणि कोकी मी करते, आणि तांबडा-पांढरा माझ्या माहेरून येईल.

आपली,
गांधीनगरची एक सून