मझल ब्रेक घेण्याआधी शेजारच्याच्या कानाचाही विचार करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हौशी नेमबाजांच्या ‘कस्टम’ रायफलींवर लेख आला आहे. लिहिणाऱ्याने मेहनत घेतली आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मझल ब्रेकने (म्हणजे धक्का कमी व्हावा म्हणून नळीच्या तोंडावर बसवायच्या भोकांच्या किंवा खाचांच्या तुकड्याने) आवाज कमी होतो आणि नेम सुधारतो, ही दोन विधाने त्यात पाठोपाठ छापली गेली आहेत. पहिले साफ उलटे आहे आणि दुसरे अर्धवट. फौजेत ईएमई या दुरुस्ती-देखभालीच्या शाखेत आर्मोरर म्हणून माझी नोकरी हत्यारांच्या दुरुस्तीतच गेली. निवृत्त होऊन उदगीरला आलो, तरी पीकसंरक्षणाची बंदूक असलेले शेतकरी आणि पोरांना रेंजवर नेणारे पालक काही ना काही विचारायला येतातच. स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य आणल्यापासून पालक जास्त येऊ लागलेत.

त्या पालकांचे आधी सांगतो. स्वप्निलचे पदक ५० मीटर थ्री पोझिशनचे (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून), म्हणजे पॉइंट टू-टू या लहान बोअरच्या रायफलचे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत रायफलला मझल ब्रेक किंवा कॉम्पेन्सेटर (नळीची उसळी दाबणारे तसलेच साधन) लावायला बंदी आहे. नळीला किंवा तिच्या पुढच्या ट्यूबला भोके पाडायलाही बंदी आहे. टीव्हीवर खेळाडूंच्या रायफलीपुढे जे लांब नळकांडे दिसते तो ब्रेक नव्हे. पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर वाढावे म्हणून ते असते. बरे, नियम नसता तरी टू-टूला ब्रेक लावणे म्हणजे शेळीला वेसण घालण्यातला प्रकार.

कारण साधे आहे. गोळी पुढे जाते म्हणून बंदूक मागे येते, हे शाळेत शिकवतात. पण गोळीच्या मागोमाग जळालेल्या दारूचा वायूही नळीतून पुढे फेकला जातो, आणि तो गोळीपेक्षा वेगाने. थर्टी-ओ-सिक्स या मोठ्या रायफलीच्या काडतुसात गोळी साधारण पावणेबारा ग्रॅमची आणि दारू साडेतीन ग्रॅमच्या आसपास. खांद्याला बसणाऱ्या धक्क्यातला सुमारे तीस टक्के वाटा एकट्या या वायूचा. ब्रेक गोळीचे काही करू शकत नाही. तो फक्त वायूला अडवतो आणि आडवा, नाहीतर थोडा मागे वळवतो. त्यामुळे दारू जितकी जास्त तितका ब्रेकचा उपयोग. टू-टूत ती ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाइतकी असते. आपल्याकडच्या बारा बोअरमध्ये छर्रे तीसेक ग्रॅम आणि दारू दीड-दोन ग्रॅम, शिवाय नळीच्या तोंडाशी येईपर्यंत दाबही उतरलेला. परभणी, हिंगोलीकडे रानडुकरांच्या राखणीला बारा बोअर बाळगणाऱ्यांनी ब्रेकचा विचार सोडून द्यावा. दस्त्याला चांगला रबर पॅड बसवून घ्यावा.

आता नेमाचे. गोळी नळीतून सुटते तेव्हा रायफल जेमतेम हललेली असते आणि ब्रेकचे काम गोळी निघून गेल्यावर सुरू होते. त्याने गट, म्हणजे लक्ष्यावर गोळ्या लागतात तो पसारा, लहान होत नाही. उलट नळीच्या टोकाला वजन वाढले की तिची थरथर बदलते, गोळी दुसरीकडे लागते आणि झिरो, म्हणजे नेम आणि गोळी यांचा मेळ, नव्याने करावे लागते. धक्क्याच्या भीतीने घोडा हिसकणाऱ्याला ब्रेकने धीर येतो, हे मान्य. फायर केल्यावर दुर्बिणीतून लक्ष्य सुटत नाही, आपली गोळी कुठे लागली ते आपल्यालाच दिसते, हाही फायदा खरा. मोठ्या बोअरची रायफल, लांबचे अंतर आणि ब्रेकला मुभा देणारी स्पर्धा, असे तिन्ही जुळत असेल त्यानेच यात पडावे.

अशा माणसाने निवडावा कोणता? चहूबाजूंनी भोके असलेल्याला पेपरपॉट म्हणतात. बोफोर्सच्या तोंडाला तसाच आहे. पण तोफ उंचावर असते, रायफल जमिनीला लागून. चैत्र-वैशाखात आपल्या काळ्या रानात पालथे पडून एक गोळी झाडून बघा. खालच्या भोकांतून निघालेला वायू ती भुरभुरीत माती सरळ तोंडावर उडवतो. दुर्बिणीत लक्ष्य राहत नाही, नुसता धुरळा. म्हणून पालथे पडून मारायचे असेल तर खालची बाजू बंद असलेला, दोन्ही अंगांना खाचा असलेला ब्रेक बरा. मात्र आवळल्यावर त्या खाचा बरोबर आडव्या यायला हव्यात. तिरक्या बसल्या तर नळी दर फायरला एका बाजूला ढकलली जाते. लॉकनटचा (हव्या त्या कोनात नटाने आवळून धरायचा) ब्रेक असेल तर हे जमवणे सोपे जाते. मागे झुकलेल्या खाचांचा ब्रेक धक्का सगळ्यांत जास्त खातो, आणि सगळ्यांत वाईटही तोच. वाईट फायर करणाऱ्याला नव्हे, त्याच्या शेजारी झोपलेल्याला.

लेखात हेच नाही म्हणून मी लिहायला बसलो. अचानक होणाऱ्या आवाजाला १४० डेसिबल ही कानाची धोक्याची रेषा मानतात. मोठ्या बोअरच्या साध्या रायफलीचाच आवाज १६० च्या आसपास असतो. पुढे निघून जाणारा तो स्फोट ब्रेक बाजूला आणि मागे वळवतो. फायर करणाऱ्याच्या कानाशी काही डेसिबल वाढतात, शेजारच्या लेनमध्ये आणखी, आणि वरून पत्र्याचे शेड असेल तर विचारू नका. सहा डेसिबल वाढले म्हणजे दाब दुप्पट झाला. कानातले प्लग आणि कानावरचे मफ दोन्ही घातले तरी त्यांच्या आकड्यांची बेरीज होत नाही. दोहोंतल्या चांगल्याच्या वर पाचेक डेसिबलचीच भर पडते. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा कान नळीकडे असतो, उजव्यावर डोक्याचीच सावली पडते. आमच्या बॅचच्या कितीतरी जणांशी बोलायचे तर आजही उजव्या बाजूला बसावे लागते, आणि ती हत्यारे बिनब्रेकची होती. धक्का एकाचा वाचतो आणि त्याची किंमत शेजारचा देतो, त्यातही तो शेजारचा पंधरा वर्षांचा पोरगा असेल तर माझ्या मते हा सौदा मोडलेलाच बरा.

बसवण्याबद्दल एकच सांगतो. ब्रेकचे भोक गोळीपेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर मोठे लागते आणि नळीच्या आतल्या पोकळीशी एका रेषेत लागते. नळीच्या बाहेरच्या अंगावरून माप धरून आटे पाडले तर ही रेष चुकू शकते, कारण बाहेरचे अंग आणि आतले भोक नेहमी एककेंद्री असतेच असे नाही. ब्रेक काढून टॉर्चच्या उजेडात आत बघावे. काळ्या काजळीत एकाच बाजूला तांब्याची बारीक चमकती रेघ दिसली, की गोळी जाता जाता घासते आहे असे समजावे आणि ती रायफल त्याच क्षणी बाजूला ठेवावी. हे फक्त हौशी लोकांचेच होते असे नाही. २०१७ मध्ये पोखरणला धनुष तोफेच्या चाचणीत गोळा मझल ब्रेकला लागला होता. नंतर दोष शोधून सुधारणा झाल्या आणि २०१९ मध्ये तोफा लष्कराला मिळाल्या. तिथे इंजिनिअरांची फौज होती.

म्हणूनच ‘वाळूजला ओळखीचा टर्नर आहे, तासाभरात आटे पाडून देतो’ असे कुणी म्हटले की मला धडकी भरते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मध्ये अग्निशस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. आवाज किंवा जाळ कमी करणारे साधन तर त्यात नाव घेऊन घातले आहे. कलम ५ नुसार अग्निशस्त्र बनवणे, दुरुस्त करणे, त्यात बदल करणे याला वेगळा परवाना लागतो. तुमच्याकडे बंदुकीचा परवाना आहे म्हणून लेथवाल्याला तो मिळत नाही, आणि परदेशातून कुरिअरने भाग मागवण्याचीही मुभा मिळत नाही. काम परवानाधारक गनस्मिथकडेच द्यावे, आणि आधी विचारून. (लग्नाच्या वरातीत बार उडवणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हेही जाता जाता छापा. आमच्या भागात त्याची गरज आहे.)

धक्काच सोसत नसेल तर आधी दस्त्याची लांबी तपासा. आखूड किंवा लांब दस्ता धक्क्यापेक्षा जास्त छळतो. मग पॅड. मग वजन: चार किलोची रायफल पाच किलोची केली की धक्क्याची ऊर्जा पाचव्या हिश्शाने उतरते, आणि शेजारच्याला त्याचा पत्ताही लागत नाही. एवढे करून भागले नाही तर ब्रेक.

दोन विनंत्या आहेत. स्पर्धेत ब्रेकला बंदी असल्याच्या नियमाचा खुलासा पुढच्या पुरवणीत छापावा, कारण लेख वाचून मुलांसाठी खर्च करायला निघालेले दोन पालक माझ्याकडेच येऊन गेले. दुसरी रेंज चालवणाऱ्यांना: ब्रेकवाल्या रायफलींना कडेची लेन द्यावी, त्यांची फायरिंगची पाळी वेगळी ठेवावी आणि तेवढा वेळ शाळकरी मुलांना शेडच्या बाहेर बसवावे.

आपला,
एक माजी सैनिक (आर्मोरर),
उदगीर, जि. लातूर