रजेच्या पैशांचं ठरवलंय, आधी पूर्ण वाचा मग फोन करा

ती. आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबा तुम्ही 'परमुलखात नसती भांडणं कशाला' म्हणून फोन आईच्या हातात दिला असता, म्हणून लिहितेय. ज्या एजन्सीकडून मी वेअरहाऊसला जायचे ती सोडली हे माहितीये तुम्हाला, त्यांनी न दिलेल्या रजेचा पगार मी त्यांच्याकडे मागितला, त्यांनी टाळाटाळ केली म्हणून एकासकडे (ACAS) नोंद पण केली. म्हणजे विचारत नाहीये, करून झालंय.

आई, एकास म्हणजे कोर्ट नाही गं. दोन्ही बाजूंशी बोलून मिटवायला बघणारी इथली, ब्रिटनमधली संस्था आहे, फी नाही. नाहीच मिटलं तर ट्रिब्युनल, म्हणजे नोकरीच्या तंट्यांचं न्यायालय, त्याची फी पण इथल्या सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये रद्द करून टाकलीय. आणि माझा व्हिसा समीरच्या नोकरीवर आहे, एजन्सीचा त्याच्याशी काही संबंध नाही, तेव्हा शेजारच्या काकूंचं ऐकून रात्र रात्र जागू नकोस.

बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी आले नाही ते डोक्यातून जात नाही. तेव्हा मी सुट्टी मागितली तर एजन्सीवाले म्हणाले तू कॉन्ट्रॅक्टवर, तुला पगारी रजा नसते. असते! इथे 1998 पासून नियम आहे, आता वर्षाला 5.6 आठवडे, आणि तासांचा नेम नसलेल्यांना कामाच्या 12.07 टक्के, म्हणजे शंभर तास भरले की साधारण बारा तासांची पगारी रजा. मग म्हणे रजेचे पैसे तासाच्या रेटमध्येच धरलेत. 2024 पासून तसं देता येतं पण पेस्लिपवर वेगळं दाखवावं लागतं, आणि माझ्या एकाही पेस्लिपवर ती ओळ नाही. सगळ्या जपून ठेवल्यात, तुमच्यासारख्याच, पंच लावून फायलीत. थांबून चालत नव्हतं बाबा, तीन महिन्यांच्या आत नोंद करावी लागते आणि मागचं पण दोन वर्षांपर्यंतचंच धरतात.

आणि खरं सांगू, तुम्ही रिटायर झाल्यावर अर्जित रजेचे पैसे मिळाले तेव्हा किती ताठ मानेने घेऊन आला होतात, आईची शिलाई मशीन त्यातूनच आली ना? मग माझेच पैसे मागितले तर ते भांडण कसं? मी आरडाओरडा नाही केला, नीट ईमेल लिहिलं, तारखा टाकून, तुम्ही अर्ज लिहायला शिकवलेत तस्सं.

बाकी माझं छान चाललंय. नवीन ठिकाणी दिवसाची पाळी आहे, कँटीन गरम असतं, डबा गरम करता येतो, तुझ्या मेतकुटावर थंडी निघतेय. कधीकधी शिफ्ट संपल्यावर वाटतं कुणीतरी डोक्याला तेल लावून द्यावं, बस्स तेवढंच.

आता ऐका. बाबा, थेंब सकाळ-संध्याकाळ, 'बरं वाटतंय' म्हणून बंद करायचे नाहीत, आणि स्कूटर अजिबात काढायची नाही, रिक्षाचे पैसे मी देते. रागवू नका, नीट दिसायला लागलं की काढा. आई, स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे तू काढणार नाहीस, बीपीची गोळी जेवणाआधी की नंतर ते डॉक्टरांना परत विचार. दिवाळीचं तिकीट एजन्सीच्या पैशांसाठी अडवून ठेवलेलं नाही, मिळोत न मिळोत, मी येतेय. चकल्या आल्यावर करू, एकटी घाट घालू नकोस.

तुमची,
मनू