टॅब घे, पण रात्रीचं काय

अथर्व,

काल तू फोन ठेवलास तेव्हापासून लिहायचं म्हणतेय. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की निळी टिक येते आणि पुढे काहीच नाही, म्हणून मेल करतेय. घाई नाही, सावकाश वाच.

आजीने दिलेल्या पैशाचं काय घ्यायचं ते तू ठरव, पैसे तुझेच आहेत. ती अजून सगळ्या सोसायटीत सांगत फिरतेय, आमचा नातू डॉक्टर होतोय म्हणून, वॉचमनला पण सांगून झालंय. पण तू टॅब म्हणतोस आणि मी किंडल, म्हणजे ते नुसतं पुस्तकं वाचायचं यंत्र, म्हटलं की "आई तुला त्यातलं कळत नाही" असं म्हणून विषय संपवायचा हे काही पटलं नाही मला. म्हणून बसून सगळं वाचलं, ऑफिसातल्या एकीचं किंडल घरी आणलं, मामाचा टॅब मागून घेतला आणि तू पाठवलेल्या नोट्स दोन्हीवर उघडून बघितल्या.

नोट्स किंडलवर वाचता येणार नाहीत हे तुझं म्हणणं बरोबर आहे. पीडीएफचं पान ए-फोर मापाचं ठरलेलं असतं, ते किंडलच्या ७ इंचाच्या स्क्रीनवर अख्खं बसवलं की अक्षरं मुंग्यांएवढी होतात, आणि मोठं केलं की पान इकडून तिकडे ओढत बसा, ते पण हळूहळू सरकतं. अ‍ॅटलासमध्ये धमनी लाल, शीर निळी, ते सगळं करडं दिसतं, त्यातून तू काय पाठ करणार? रंगीत ई-इंक, म्हणजे किंडलसारखा कागदी दिसणारा पडदा, आलंय पण रंग फिकट असतात. पेनने चित्रावर लिहायचं, लेक्चरचा व्हिडिओ बघायचा, हे टॅबवरच होणार. तर अभ्यासाला टॅब, बाबांनाही तसं सांगितलंय.

पण मग तोच टॅब रात्री अंथरुणात येणार ना रे.

झोपेचं काढायचं नाही असं ठरवून बसले होते, तरी काढतेय. मंगळवारी तुझा लास्ट सीन पावणेतीनचा होता. परवा पण तेच. सकाळी आठला लेक्चर असतं ना तुझं?

किंडलचं मला काय आवडलं ते सांगते. त्या पडद्यात बारीक बारीक कॅप्सूल असतात, त्यात काळे आणि पांढरे कण, करंट दिला की वर-खाली होतात आणि मग तिथेच थांबतात. म्हणून पडद्याला पान उलटतानाच काय ती बॅटरी लागते, एकदा चार्ज केलं की आठवडेच्या आठवडे चालतं. उजेड कडेच्या एलईडीतून पानावर पडतो, टॅबसारखा मागून डोळ्यात येत नाही. वजन २०० ग्रॅमच्या आसपास, आयपॅड जवळपास अर्धा किलोचा. मराठी पुस्तकं पण त्यावर २०१६ पासून मिळतायत, आणि अक्षर हवं तेवढं मोठं केलं की ओळी आपोआप नीट बसतात.

आणि झोपेवरचा एक अभ्यास पण वाचला, अमेरिकेतला, २०१४ चा. त्यात ई-रीडर, म्हणजे किंडलसारखं यंत्र, असं म्हटलंय पण प्रत्यक्षात वापरला होता आयपॅड. झोपायच्या आधी चार तास त्यावर वाचायचं, आणि दुसऱ्या वेळी तेवढाच वेळ छापील पुस्तक. आयपॅडवाल्या दिवसांत मेलाटोनिन, ते झोपेचं हार्मोन, दीड तास उशिरा यायला लागलं, झोप लागायला १० मिनिटं जास्त, आणि सकाळी मरगळ. बाबा लगेच म्हणाले, बाराच तर जणं होती. होती, खरंय. आणि ब्राइटनेस कमी करता येतो हेही मला माहितेय. मला नुसत्या उजेडाची भीती नाहीये, टॅबमध्ये पुस्तकाच्या शेजारीच सगळं जग बसलेलं असतं. एक मेसेज आला की तू तिकडे, तिथून रील्स, आणि मग पावणेतीन. सुमीतदादाचं पण असंच रात्रीच्या जागण्यापासून सुरू झालं होतं, आणि काकूला ते कळेपर्यंत किती उशीर झाला ते तू बघितलंयस. तुझं तसं होईल असं मी म्हणत नाहीये. तू वेगळा आहेस, चांगला खंबीर आहेस. पण मला रात्री जाग आली की पहिला तोच विचार येतो, काय करू.

लेक्चर झालं, सॉरी. मोठा झालास, कळतंय मला.

तुला आठवतं का, मे महिन्यात आपण ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जायचो, तू माझं आणि बाबांचं दोन्ही कार्डं वापरायचास आणि तरी पुरायचं नाही. मी तुला सांगितलं होतं ही लायब्ररी १८९३ ची आहे तर तू विचारलंस, मग पहिलं पुस्तक कोणी नेलं असेल? मला उत्तर देता आलं नाही. परत येताना तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून तुझं अर्धं पुस्तक संपायचं, आइसक्रीम वितळून शर्टावर, आणि दिवाळी अंक तर बाबांच्या आधी तुझ्या हातात. रात्री पुस्तक छातीवर ठेवून झोपलेला असायचास, मी चष्मा काढून ठेवायचे. तेव्हा तुला झोप कशी पटकन लागायची.

मागच्या सुट्टीत आलास तेव्हा एकही पुस्तक हातात घेतलेलं बघितलं नाही मी. अभ्यासाचं सोडून म्हणतेय.

तर असं करू. आजीच्या पैशातून टॅब घे, पेनवाला, कुठला ते तूच बघ, स्टोरेज मात्र जास्तीचं घे कारण ते व्हिडिओ फार जागा खातात. किंडल मी आणि बाबा देतो, साधंच घेऊ. अट काही नाही. फक्त झोपताना टॅब टेबलावर चार्जिंगला लाव आणि किंडल घेऊन आडवा हो, त्यावर अभ्यासाचं काही टाकायचं नाही. आठवडाभर करून बघ. नाहीच जमलं तर मला सांग, मी रागावणार नाही. आणि झोप मुळातच येत नसेल, टॅबचा काही संबंध नसेल, तर ते पण सांग, अगदी तेच आधी सांग. मी कोयना एक्सप्रेसने येते.

मामा पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला चाललाय, जाताना मिरजेला उतरून देईल म्हणतो. किंडलचं कव्हर काळं हवं की निळं ते शुक्रवारपर्यंत कळव, आणि चकली पाठवू का भडंग, तेही.

आई