आठ कोअरना काम वाटायचे कसे, हेही शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाच्या आणि दिवाळीच्या हंगामात लॅपटॉप व मोबाइल खरेदीविषयी वृत्तपत्रांतून जी माहिती येते, तिच्यात प्रोसेसरमध्ये किती कोअर आहेत हा आकडा ठळकपणे दिलेला असतो आणि जितके कोअर जास्त तितके यंत्र वेगवान, असा अर्थ वाचक त्यातून काढतात. तो अपुरा आहे. प्रत्येक कोअर स्वतंत्रपणे सूचना पार पाडू शकतो हे खरे. पण आठांना पुरेल असे काम कोणी वाटून दिले नाही, किंवा वाटून दिलेल्या कामात त्यांना सतत एकमेकांसाठी थांबावे लागले, तर त्यांतले बहुतेक रिकामे राहतात. हे वाटप कसे करायचे ते आपल्या संगणक अभ्यासक्रमांत फार थोडे आणि फार उशिरा शिकवले जाते, ही माझी तक्रार आहे.

कोअर वाढले ते मुळात नाइलाजाने. २००४ पर्यंत घड्याळाचा वेग, म्हणजे सेकंदाला पडणारे ठोके, वाढवत नेणे हाच प्रोसेसर वेगवान करण्याचा मुख्य मार्ग होता. पेंटियम ४ त्या मार्गाने ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला. परंतु ट्रान्झिस्टर लहान होत असताना व्होल्टेज त्या प्रमाणात उतरेनासे झाले, उष्णता आवरेना आणि मे २००४ मध्ये इंटेलने त्याच वाटेवरचा टेजस हा पुढचा प्रकल्प रद्द केला. आयबीएमने २००१ मध्येच पॉवर४ या चिपवर दोन कोअर बसवले होते. २००५ पासून तीच रचना घरगुती संगणकांत आली. तोवर जुना प्रोग्राम नव्या यंत्रावर आपोआप जलद चालत असे. आता प्रोग्राम लिहिणाऱ्याने काम तोडून दिले तरच नव्या कोअरचा उपयोग होतो.

तोडण्यालाही मर्यादा आहे आणि ती संगणक-रचनाकार जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवून दिली होती. एखाद्या कामाचा दहा टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर आठ कोअरवर ते काम साधारण ४.७ पट आणि चौसष्ट कोअरवर ८.८ पट जलद होते. कोअर कितीही वाढवले तरी दहा पटीच्या पुढे ते जात नाही. हे गणित बारावीच्या विद्यार्थ्यालाही समजते. तरीही नवे यंत्र घेताना ते फारसे कोणी मांडत नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या ज्या प्रश्नपत्रिका मी वर्षानुवर्षे पाहत आलो, त्यांत चार प्रक्रिया (म्हणजे चालू असलेले प्रोग्राम), त्यांचे आगमन, त्यांना लागणारा वेळ आणि राउंड रॉबिनने, म्हणजे आळीपाळीने थोडा थोडा वेळ देऊन, काढायचा गँट चार्ट (कोण कधी चालले याची कालपट्टी) हे उदाहरण ठरलेले असते. उदाहरण चुकीचे नाही. पण त्यात प्रोसेसर एकच असतो. प्रत्यक्षात लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रत्येक कोअरची स्वतःची रांग असते, रिकाम्या झालेल्या कोअरकडे भरलेल्या रांगेतले काम खेचले जाते, आणि हलवलेल्या थ्रेडला (प्रोग्राममधील स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाच्या धाग्याला) आपल्या जुन्या कोअरच्या कॅश या जवळच्या, जलद मेमरीत तयार असलेली माहिती मागे सोडून यावे लागते. हलवणे फायद्याचे की जागेवर ठेवणे, हा प्रश्न कोअरना काम वाटणाऱ्या शेड्यूलरला क्षणोक्षणी सोडवावा लागतो. मोबाइलमध्ये आणि २०२१ नंतरच्या बऱ्याच इंटेल प्रोसेसरमध्ये काही कोअर ताकदवान तर काही काटकसरी असल्यामुळे तो आणखी अवघड झाला आहे. शिवाय चार कोअर आणि आठ थ्रेड असे लिहिलेल्या यंत्रात आठ कोअर नसतात: एकाच कोअरची साधने दोन थ्रेड वापरतात आणि एक थ्रेड मेमरीची वाट पाहत असताना दुसरा पुढे सरकतो, एवढाच तो लाभ आहे. गँट चार्टच्या चौकटीत यातले काहीच बसत नाही.

काही विद्यापीठांनी शेवटच्या वर्षाला ओपनएमपी या समांतर प्रोग्राम लिहिण्याच्या साधनाची प्रात्यक्षिके ठेवली आहेत, याचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र तिथे बबल सॉर्टसारखे क्रम लावण्याचे प्रोग्राम समांतर करून घेतले जातात आणि वेळ न मोजताच ‘समांतर प्रोग्राम अधिक जलद चालतो’ हा निष्कर्ष वहीत उतरवला जातो, हे मी पाहिले आहे. त्याऐवजी एक ते एक कोटी या संख्यांमधील मूळ संख्या भागाकार करून शोधण्याचे काम द्यावे. आठ थ्रेडना आठ समान तुकडे दिले, की लहान संख्यांचा पहिला तुकडा लवकर संपतो आणि शेवटच्या तुकड्यातील मोठ्या संख्या तपासायला कितीतरी अधिक भागाकार लागत असल्याने बाकीचे कोअर त्या एकासाठी खोळंबतात. प्रोग्राममधील वाटपाच्या सूचनेत स्टॅटिक या शब्दाच्या जागी डायनॅमिक लिहून जो मोकळा होईल त्याला पुढचा छोटा तुकडा दिला, तर ही तफावत जवळजवळ नाहीशी होते. तुकडे एकेका संख्येइतके बारीक केले, तर मात्र पुढचा तुकडा मिळवण्याच्या झटापटीतच वेळ जाऊ लागतो. तुकडा केवढा असावा हे पुस्तकात लिहिलेले नसते. ते त्या यंत्रावर मोजूनच कळते, आणि मला वाटते की या विषयाचे खरे शिक्षण तिथेच सुरू होते.

कोअरमधील संवादाचा भाग तर याहूनही उपेक्षित आहे. आठ थ्रेडना आठ वेगळे मोजणी-आकडे द्या; कोणी कोणाच्या आकड्याला हात लावत नाही, म्हणजे अडथळा येण्याचे कारण दिसत नाही. तरीही हा प्रोग्राम अनेकदा अपेक्षेपेक्षा कितीतरी हळू चालतो. प्रोसेसर मेमरीतून एकेक आकडा उचलत नाही, बहुतेक यंत्रांत तो एकदम ६४ बाइटची ओळ उचलतो, आणि आठ बाइटचे आठ आकडे नेमके एका ओळीत मावतात. एका कोअरने त्या ओळीत लिहिले की इतर कोअरमधील तिच्या प्रती रद्द होतात. एकाच पानावर आठ कारकुनांच्या नोंदी असलेले मस्टर टेबलाटेबलांवरून फिरत राहावे, आणि ज्याच्यापुढे ते असेल त्याखेरीज इतरांनी थांबावे, तसा हा प्रकार होतो. प्रत्येक आकडा वेगळ्या ओळीत ठेवला, किंवा प्रत्येक थ्रेडने आपल्यापुरती मोजणी करून शेवटी एकदाच बेरीज केली, की अडचण सुटते. लिनक्समधील पर्फ सी२सी हे साधन अशा भांडणाऱ्या ओळी शोधून देते. ते फुकट आहे, पण किती प्रयोगशाळांत कधी चालवले गेले असेल, याविषयी मी साशंक आहे.

सगळेच एका आकड्यात भर घालत असतील, तर प्रश्न वेगाचा राहत नाही, अचूकतेचा होतो. वाचणे, वाढवणे आणि परत लिहिणे या तीन पायऱ्यांच्या मध्ये दुसरा थ्रेड आला की नोंदी हरवतात, म्हणून कुलूप लावावे लागते, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला तिथे जाऊ द्यावे लागते. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका व कॅनडातील सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले, तेव्हा ओहायोतील नियंत्रण कक्षाची इशारा देणारी यंत्रणा आधीच बंद पडलेली होती, आणि त्यामागे एकाच माहितीवर एकाच वेळी लिहू पाहणाऱ्या प्रक्रियांची अशीच शर्यत असल्याचे पुढे निष्पन्न झाले. हा दोष चाचणीत क्वचितच सापडतो, कारण तो उमटायला दोन घटना नेमक्या एका क्षणी याव्या लागतात.

हे ज्ञान महाराष्ट्राला परके नाही, म्हणूनच मला विशेष खंत वाटते. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने १९९१ मध्ये उभा केलेला परम ८००० हा महासंगणक ट्रान्सप्युटर या, एकमेकांना जोडून चालवायच्या प्रोसेसरवर आधारलेला होता. प्रत्येक ट्रान्सप्युटरची मेमरी स्वतंत्र, आणि शेजाऱ्याशी बोलायला चार दुवे. कोणते काम कोणाकडे ठेवायचे आणि कोणी कोणाला कधी निरोप द्यायचा, हे ठरवल्यावाचून त्यावर काहीच चालत नसे.

म्हणून विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे, की वर उल्लेखिलेले मूळ संख्यांचा आणि मोजणी-आकड्यांचा असे दोन प्रयोग दुसऱ्या वर्षाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकांत घालावेत, आणि एक, दोन, चार व आठ थ्रेडवर लागलेल्या वेळेचा आलेख काढून त्याचे कारण लिहिल्याशिवाय गुण देऊ नयेत. यासाठी नवी यंत्रे घ्यावी लागणार नाहीत; प्रयोगशाळांत आज असलेले बहुकोअर संगणक पुरेसे आहेत. वृत्तपत्रांनीही खरेदीविषयक माहितीत कोअरच्या आकड्याशेजारी, वाचक जे काम करणार आहे ते किती कोअरवर वाटले जाते, याची एक ओळ द्यावी.

आपला विश्वासू,
संगणकशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, सातारा