नावेच्या इंजिनाला गाडीचे पार्ट नकोत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की कृष्णा-दूधगंगेच्या काठाला नावांची डागडुजी सुरू होते. कल्लोळ-यडूरसारखे बंधारे पाण्याखाली गेले की नावेशिवाय गत्यंतर नाही. दरवर्षी चर्चा होते ती लाइफ जॅकेटची आणि नावेत किती माणसं बसवली त्याची. इंजिनाचं झाकण उचलून कोण बघतो?

मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. नावेत बसवलेल्या पेट्रोल इंजिनाचा सेल्फ किंवा डायनामो गेला की तो आमच्याकडेच येतो आणि वर हुकूम असतो, ‘कारचा बसतोय की, तोच टाका.’ बसतो, खरं आहे. बोल्ट जुळतात, पट्टा जुळतो, निम्म्याहून कमी पैशांत काम होतं. पण फिरत्या भागाला टेकलेले कार्बनचे ठोकळे घासून आत ठिणग्या उडतात, आणि गाडीच्या डायनामोची जाळी सताड उघडी असते. गाडीत ते चालतं. खालून वारा खेळतो, गळलेलं पेट्रोल रस्त्यावर पडतं. नावेच्या तळातून ते जाणार कुठे? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती तळाशी साचते आणि हवेत जेमतेम दीड टक्का झाली तरी एका ठिणगीला पुरते. मरीन, म्हणजे नावेसाठीच बनवलेल्या सेल्फ, डायनामो, डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगीचा करंट वाटणारा भाग) यांची बांधणीच अशी असते, की आतली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोचत नाही.

एसी पंपाचंही, म्हणजे टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरकडे ओढणाऱ्या पंपाचंही तेच. गाडीच्या पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल अंगावरच्या बारीक भोकातून खाली टपकतं. मरीन पंपात ते बाहेर पडू देत नाहीत. बऱ्याच पंपांना कार्बोरेटरकडे जाणारी पारदर्शक नळी असते, तीत पेट्रोल दिसलं की पंप बदलायचा. कार्बोरेटरवर एअर फिल्टरऐवजी बॅकफायरची (इंजिनातून उलटी बाहेर येणारी) ज्वाळा अडवणारी धातूची जाळी हवी. (डिझेल असं चटकन पेटत नाही, त्यामुळे डिझेलवाल्यांना ही धास्ती कमी.)

१९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ मध्ये अंतर्देशीय नौकांचा नवा कायदा आला. त्यात यांत्रिक नौकांची नोंदणी आणि तपासणी दोन्ही आहे. तालुका प्रशासनाने पुराआधी या तपासणीत निदान एवढे पार्ट तरी पाहावेत. नावाड्यांनीही सेल्फ मारण्याआधी किमान चार मिनिटं ब्लोअर (तळातली वाफ बाहेर फेकणारा पंखा) चालवावा, तोही मरीनच. मग झाकण उघडून वास घ्यावा आणि पेट्रोलचा वास आला तर चावीला हात लावू नये.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, ता. चिकोडी, जि. बेळगाव