मिलिंद, आधी ती शीट बंद कर

स्टुटगार्ट,
रविवार दुपार

प्रिय मिलिंद,

जर्मनीला यायच्या हिशेबाची तुझी एक्सेल शीट पाहिली. ६२ हजार युरो पगार गुणिले शंभर रुपये, त्यातून भाडं वजा, किराणा वजा, आणि तळाशी पिवळ्या चौकटीत 'शिल्लक'. ती शिल्लक बघून तू सिन्नर रस्त्यावरच्या प्लॉटची चौकशी सुरूही केली असशील, मी ओळखतो तुला. रविवारी इथे दुकानं बंद असतात, त्यामुळे मला निवांत वेळ आहे. सविस्तरच लिहितो.

आधी पगाराचं. ऑफर लेटरमधला आकडा वर्षाचा आणि कापाकापीच्या आधीचा असतो. तू त्याला बाराने भागून महिन्याला ५,१६६ युरो धरलेस. त्यातून पेन्शनला ९.३ टक्के जातात, आरोग्य विम्याला पावणेनऊच्या आसपास, बेकारी विम्याला १.३, म्हातारपणीच्या शुश्रूषेचा विमा वेगळा, आणि हे सगळं झाल्यावर आयकर. वहिनींना पगार नाही असं धरलं तर तुला तिसरा कर-वर्ग मिळेल आणि हातात साडेतीन हजारांच्या थोडं वर पडेल. शिवाय तुझ्या लेकीचा, ओवीचा बालभत्ता म्हणून सरकारकडून महिन्याला २५९ युरो येतील. आकडा वाईट नाही. फक्त तुझ्या पिवळ्या चौकटीतला नाही, एवढंच.

एक गोष्ट मात्र आत्ताच एचआरला विचार: पुण्याच्या कंपनीने पाठवलेला माणूस म्हणून येतोयस की इथल्या नोकरीच्या करारावर? पाठवलेला असशील तर २०१७ पासून लागू असलेल्या भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करारामुळे चार वर्षांपर्यंत तुझा पीएफ तिकडेच चालू राहू शकतो, इथलं पेन्शन कापलं जात नाही. त्यासाठी पीएफ ऑफिसचं प्रमाणपत्र लागतं आणि ते निघण्याआधी काढलेलं बरं. तुझ्या पत्रावरून तरी मला इथलाच करार वाटतोय.

आता घर. तू जाहिरातीतून भाडं उचललंस ते कोल्ड रेंट. त्यावर हीटिंग, पाणी, कचरा, जिन्यातला दिवा, इमारतीचा विमा असं सगळं मिळून वॉर्म रेंट होतं. आम्ही तिघं राहतो त्या दोन बेडरूमच्या घराचं कोल्ड ११५०, वॉर्म १४००. वीज आणि इंटरनेट त्याच्याबाहेर. वर घरटी १८.३६ युरो सरकारी टीव्ही-रेडिओची वर्गणी. घरात टीव्ही नाही म्हणून सांगून सुटका नाही. आणि वॉर्म रेंटमधला तो हीटिंगचा भाग अंदाजे असतो. वर्षाअखेरीनंतर हिशेबाचं पत्र येतं, थंडी जास्त पडली असेल तर फरक भरायचा. आमच्या शेजारच्या बंगाली कुटुंबाला पहिल्याच वर्षी सातशेचं पत्र आलं होतं. ते हिवाळाभर घरात बनियनवर वावरायचे.

डिपॉझिट कायद्याने तीन कोल्ड रेंटच्या वर मागता येत नाही, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा तुला हक्क आहे. घरमालक हे आपणहून सांगत नाहीत. एजंटची दलाली ज्याने त्याला नेमलं त्याने द्यायची, म्हणजे बहुतेक वेळा मालकाने. 'भारतीय लोकांसाठी खास' घर शोधून देतो म्हणणारे आगाऊ पैसे मागतील, त्यांना लांबूनच नमस्कार कर. स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, पण त्याचा घर मिळायला काडीचा उपयोग नाही. ऑफिस ब्योब्लिंगनला असेल तर शहरात घर घ्यायच्या भानगडीत पडू नकोस. एस-वन लोकलने हेरेनबर्गच्या बाजूला जसजसं जावं तसं भाडं उतरतं. देशभर लोकल, बस, ट्राम आणि साध्या गाड्यांना चालणारा महिन्याचा पास आहे. २०२३ साली ४९ युरोला सुरू झाला, आता ६३ झालाय, तरी परवडतो.

स्वयंपाकघराचं तुला कुणी सांगितलंय का? नसेल तर ऐक. घर ताब्यात मिळालं तेव्हा स्वयंपाकघर म्हणून दाखवलेल्या खोलीत भिंतीतून बाहेर आलेली दोन नळांची तोंडं होती, कोपऱ्यात शेगडीसाठी जाड वायर, आणि टाइल्सवर आधीच्या भाडेकरूच्या कपाटांचे चौकोनी डाग. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. छताला दिव्याच्या जागी नुसत्या तीन तारा. इथे भाडेकरू जाताना स्वयंपाकघर उचकटून सोबत नेतो, नाहीतर नव्या भाडेकरूला विकतो. आम्ही पंधरा दिवस बाथरूमच्या बेसिनमध्ये भांडी घासली आणि इंडक्शनची एक शेगडी जमिनीवर ठेवून खिचडी केली. मग गल्लीपलीकडच्या एका आजोबांचं जुनं स्वयंपाकघर ४०० युरोत मिळालं. ते सोडवणं, वाहून आणणं, बसवणं सगळं मी आणि ऑफिसातला एक तेलुगू मुलगा. बसवायला माणूस बोलावला असता तर त्याची मजुरी स्वयंपाकघरापेक्षा जास्त झाली असती.

तुझी शीट इथेच चुकते, मिलिंद. तू वस्तूंचे भाव गोळा केलेस. वस्तू इथे महाग नाहीतच. दूध लिटरला युरोच्या आसपास, नळाचं पाणी थेट प्यायचं, बटाटे-कांदे-सफरचंदं आपल्या पगाराच्या मानाने फुकट म्हणावीत. कोथिंबीर, मेथी, भेंडी तुर्की दुकानात मिळते. इंडियन स्टोअरमध्ये पोहे, कढीपत्ता आणि हळदी-कुंकू एवढ्यासाठीच जायचं. महाग आहे तो माणसाचा हात. केस कापणं वीस-पंचवीस युरो. नळ गळला, दार आपोआप लॉक झालं, वॉशिंग मशीन वर चढवायचंय, की माणूस दाराशी यायचेच आधी पैसे. तिकडे तुझ्याकडे भांडीवाल्या मावशी, पोळ्यांच्या काकू, गाडी पुसणारा, इस्त्रीवाला आणि कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन मिळून महिन्याला किती जातात ते एकदा मोज. तेवढी माणसं इथे ठेवायची तर तुझा अख्खा पगार पुरणार नाही. म्हणून ती सगळी कामं तू करणार, आणि शनिवार त्यातच जाणार.

या भागात त्याला एक खास स्थानिक फोडणीही आहे. जिना आणि आवार झाडायची आठवड्याची पाळी असते, केरवोखं म्हणतात. तुझी पाळी आली की तुझ्या दाराच्या मुठीला पाटी अडकवलेली दिसते. ज्या इमारतीत हे काम कंपनीला दिलंय तिथे पाटी नसते, पण तो खर्च वॉर्म रेंटमध्ये येऊन बसतो. खालच्या मजल्यावरच्या आजी मी पुसलेल्या पायऱ्यांवरून बोट फिरवून बघतात. अजून त्यांनी मला पास केलेलं नाही.

बाकी भराभर सांगतो. दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा पहिल्याच आठवड्यात काढ, वर्षाला शंभराच्या आत मिळतो आणि भाड्याच्या घरात तो नसेल तर झोप लागत नाही. आपलं लायसन्स सहा महिने चालतं, मग लेखी आणि गाडीची दोन्ही परीक्षा नव्याने. मला सगळं धरून हजारावर खर्च आला. वर्ष-दीड वर्ष गाडीचा विषयच काढू नकोस. डॉक्टरकडे पैसे द्यावे लागत नाहीत, चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला पाच ते दहा युरो. शाळा फुकट. बालवाडी बर्लिनमध्ये फुकट, इथे फी आहे, आणि फीपेक्षा जागा मिळण्याची वाट जास्त लांब. घराचा पत्ता नोंदवलास की त्याच दिवशी ओवीचं नाव लाव. आणि ती पहिलीत गेली की दिवाळीत नाशिकला यायचं विसर. शाळा बुडवणं इथे कायद्याने चालत नाही, सुट्टी जुळली तर जुळली. मग सगळे एकाच वेळी ऑगस्टमध्ये निघतात आणि विमान कंपन्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

आता जे लिहायला मी पत्र घेतलं ते. तुझ्या शीटमध्ये चाळीस ओळी आहेत. त्यात कुकरसुद्धा आहे. वहिनींचं क्लिनिक कुठेच नाही.

आठ वर्षं मेहनत करून उभं केलेलं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे ते. त्यातून महिन्याला जे येतं ते तू आजच्या तुझ्या जमेत धरतोस, गृहकर्जाचा हप्ता त्यातूनच जातो असं तूच म्हणाला होतास. निघताना ते बंद होणार, म्हणजे ती तूट इथल्या खर्चात पहिल्या ओळीला लिहायला हवी. ब्लू कार्डवाल्याच्या, म्हणजे तुझ्यासारख्या उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर आलेल्याच्या, बायकोला इथे पहिल्या दिवसापासून कामाची परवानगी असते हे खरं, एजंट तेच छातीठोकपणे सांगतात. पण फिजिओथेरपिस्टला आधी आपली पदवी मान्य करून घ्यावी लागते, अभ्यासक्रमात फरक निघाला तर जादा प्रशिक्षण किंवा परीक्षा, आणि बी-टू पातळीचं, म्हणजे कामावर अडखळल्याशिवाय बोलता येईल इतकं जर्मन तर हवंच. शून्यापासून बी-टूपर्यंत मन लावून शिकलं तरी वर्ष-दीड वर्ष जातं, आणि ओवीला बालवाडीत जागा मिळेपर्यंत सकाळच्या वर्गाला त्या जाणार कशा? जमेची बाजू म्हणजे त्या कमावत्या होईपर्यंत त्यांचा आणि ओवीचा आरोग्य विमा तुझ्याच विम्यात, वेगळा हप्ता न भरता होतो. आणि फिजिओथेरपिस्ट इथे खरोखर हवे आहेत, आमच्या भागात अपॉइंटमेंटला आठवडे लागतात. म्हणजे दोन-अडीच वर्षांनी चित्र चांगलं आहे. मधली दोन-अडीच वर्षं कुणाच्या खात्यावर पडणार, हे तुम्ही दोघांनी बसून ठरवा.

माझ्या बायकोचं, अनघाचं तुला माहीतच आहे. साताऱ्याला ज्युनिअर कॉलेजात कॉमर्स शिकवायची. इथे आल्यावर फोल्क्सहोखशुलेच्या, म्हणजे प्रौढ शिक्षण केंद्राच्या जर्मनच्या वर्गात गेली, ते सरकारी मदतीवर चालतात म्हणून खासगीपेक्षा बरेच स्वस्त. आता एका छोट्या ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशेब बघते. मजेत आहे. पण पहिल्या हिवाळ्यात पाचच्या आतच अंधार पडल्यावर ती खिडकीशी बसून जुन्या विद्यार्थ्यांचे मेसेज वाचायची, तेव्हा मी 'खर्च किती वाचतोय बघ' असं म्हणायची हिंमत केली नव्हती.

मी येऊ नकोस म्हणत नाहीये. आम्ही परत जायचा विचार करत नाही, यात काय ते समज. माझं म्हणणं असं की तू एकटा आधी ये, सहा महिने राहा, घर आणि बालवाडी मार्गी लाव. वहिनींनी तोवर क्लिनिक चालू ठेवून नाशिकमध्येच जर्मनचे पहिले दोन टप्पे करावेत, पदवीचे कागद भाषांतरित करून तिथूनच अर्ज टाकावा. दोन घरांचा खर्च दिसायला जास्त दिसेल, पण त्यांचं उत्पन्न चालू राहील. हातात सात-आठ हजार युरो रोख असल्याशिवाय मात्र निघू नकोस. डिपॉझिट, पहिलं भाडं आणि स्वयंपाकघर यातच पाच-सहा हजार उडतात आणि पहिला पगार महिनाअखेरीला.

येताना कुकरच्या दोन-तीन जादा रिंगा आण, आणि आमच्यासाठी गोडा मसाला, घरचा. वहिनींना म्हणावं अनघा येत्या शनिवारी तुमच्याकडच्या रात्री आठला फोन करेल, तासभर मोकळ्या राहा. तू त्या वेळी ओवीला घेऊन बाहेर जा.

तुझा,
संजय